परसातला चंद्र, वावरातला सूर्य

वैशाखाच्या ऐन उन्हात यवतमाळ जिल्ह्यातल्या एखाद्या खेड्यात गेलात, तर घरामागच्या परसात एक काम चाललेले दिसेल. न्हाणीचे पाणी जिथे वाहून जाते तिथली जमीन उकरून, शेणखत मिसळून गोल आळी केली जातात. दोडका, कारले, भोपळा, वाल यांचे वर्षभर जपून ठेवलेले बी त्यात टोचले जाते. दिवस शक्यतो अक्षय्य तृतीयेचा. त्या दिवशी लावलेला वेल सरत नाही, म्हणजे त्याला फळे येतच राहतात, अशी समजूत आहे.

त्याच घरात महिन्याभराने कपाशीच्या पेरणीचा विषय निघतो. तेव्हा मात्र कोणी तिथी विचारत नाही. “मिरग कधी लागतो?” असे विचारतात. मिरग म्हणजे मृग नक्षत्र. ते दरवर्षी ७ किंवा ८ जूनला लागते आणि त्याची तारीख सहसा हलत नाही.

एकच घर, एकच कुटुंब, पण परसासाठी एक कालगणना आणि वावरासाठी दुसरी. परसात चंद्राची तिथी चालते, वावरात सूर्याचे नक्षत्र. असे का झाले असावे? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्या पंचांगाचा इतिहास, आपली शेती आणि आपला पाऊस या तिन्हींची गाठ पडते.

चंद्राचे घड्याळ

चंद्र हे माणसाला मिळालेले सगळ्यात सोपे घड्याळ आहे. त्यासाठी वाळूचे यंत्र नको की शंकू नको. रात्री अंगणात उभे राहून वर पाहिले, की शुद्ध पक्ष आहे की वद्य, पौर्णिमेला किती दिवस उरले, हे निरक्षर माणूसही सांगू शकतो. सूर्य आणि चंद्र यांच्यातले अंतर १२ अंशांनी वाढले की एक तिथी होते. अशा ३० तिथींचा चांद्रमास सरासरी साडेएकोणतीस दिवसांचा भरतो.

गावाचा सामाजिक व्यवहार या घड्याळावर चालत आला. सालगड्याचे वर्ष गुढीपाडव्याला बदलते. बैलांचा पोळा श्रावण अमावास्येला येतो. बंजारा तांड्यांवर श्रावणात तीज असते. कुमारिका टोपल्यांत माती भरून गहू पेरतात, रोज पाणी घालतात आणि हिरवे अंकुर वाढवतात. आश्विन शुद्ध प्रतिपदेला घराघरांत घट बसतात. तिथेही मातीत धान्य पेरून नऊ दिवस त्याची उगवण पाहिली जाते. तीज काय, घट काय, दोन्ही चंद्राच्या तिथीवर लावलेल्या इवल्याशा घरगुती बागाच आहेत. रब्बीच्या तोंडावर बसणाऱ्या घटात बियाण्याची उगवणशक्ती कशी आहे हेही आपोआप दिसते.

पण या घड्याळात एक अडचण आहे. बारा चांद्रमास मिळून ३५४ दिवस होतात. ऋतूंचे चक्र सूर्यावर अवलंबून असते आणि ते ३६५ दिवसांहून थोडे मोठे आहे. म्हणजे चांद्र वर्ष दरवर्षी सुमारे ११ दिवसांनी मागे पडते. हा फरक भरून काढण्यासाठी साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एक अधिक मास धरतात. १९ वर्षांत असे ७ अधिक मास येतात. त्यामुळे चांद्र वर्ष ऋतूंपासून फार दूर जात नाही, पण मधल्या काळात मागेपुढे हेलकावे खात राहते.

हे हेलकावे किती मोठे असतात? २०२३ मध्ये अक्षय्य तृतीया २२ एप्रिलला होती, २०२४ मध्ये ती १० मे रोजी आली. २०२३ मध्ये श्रावण अधिक होता, म्हणून पोळा १४ सप्टेंबरला आला. २०२५ मध्ये तो २२ ऑगस्टलाच होऊन गेला. एकाच सणात तीन आठवड्यांहून अधिक अंतर पडले.

परसबागेला या अंतराने काही बिघडत नाही. २२ एप्रिल असो की १० मे, न्हाणीचे पाणी रोजच मिळते आणि जमीन तापलेलीच असते. बी रुजते, वेल धरतो आणि पाऊस सुरू होण्याच्या वेळी मांडवावर चढायला तयार असतो. पाणी माणसाच्या हातात असल्यामुळे चंद्राच्या घड्याळाची चूक तिथे खपून जाते. कोरडवाहू वावरात ती खपत नाही. कपाशीची पेरणी तीन आठवडे अलीकडे झाली तर बी मातीत भाजून निघते. तेवढीच पलीकडे गेली तर पीक बोंडे धरण्याच्या वेळी जमिनीतली ओल संपू लागते.

हवाईची तीस रात्रींची बाग

चंद्रावर सगळी शेती चालवणारे लोक जगात नव्हतेच, असे मात्र नाही. प्रशांत महासागरातल्या हवाई बेटांवरच्या मूळ रहिवाशांनी महिन्याच्या प्रत्येक रात्रीला स्वतंत्र नाव दिले होते. पहिली कोर दिसते ती हिलो, दुसरी होआका, मग चार कू रात्री. पौर्णिमेच्या आसपास होकू आणि माहेआलानी. शेवटच्या रात्रींपैकी काने आणि लोनो या देवांच्या नावाच्या, आणि अखेरीस माउली व मुकू. मराठी कानाला ‘माउली’ ओळखीची वाटेल, पण तो निव्वळ योगायोग आहे. महिना दहा दहा रात्रींच्या तीन भागांत विभागला होता: वाढत्या चंद्राचा, गोल चंद्राचा आणि घटत्या चंद्राचा.

कोणत्या रात्री रताळी लावायची, कोणत्या रात्री केळी, कधी मासेमारीला जायचे, हे या नावांना जोडलेले होते. सात रात्रींची नावे ‘ओले’ या शब्दाने सुरू होतात. त्या भाषेत ओले म्हणजे ‘नाही’. त्या दिवसांत लागवड करायची नाही, तण काढायचे, अवजारे दुरुस्त करायची. आजही हवाईत अनेक कुटुंबे घरची बाग या कालगणनेप्रमाणे सांभाळतात, आणि शाळांतून ती शिकवलीही जाते.

हवाईत हे जमले, कारण तिथले हवामान वेगळे आहे. बेटांवर तापमानात वर्षभर फारसा फरक पडत नाही. वाऱ्याकडच्या उतारांवर बाराही महिने पाऊस असतो आणि तारोची खाचरे पाटाच्या पाण्यावर भिजतात. लागवड दोन आठवडे पुढे गेली म्हणून हंगाम हुकत नाही. आपल्या परसबागेची जी स्थिती, तीच बऱ्याच अंशी त्या बेटांच्या शेतीची होती.

तरीही वर्षाची सुरुवात ठरवताना हवाईच्या लोकांनाही चंद्र पुरला नाही. त्यांनी ताऱ्यांचा आधार घेतला. सूर्य मावळताना माकालीई हा तारकापुंज पूर्वेला उगवताना दिसू लागला, की त्यानंतरच्या चंद्रावरून माकाहिकी हा लोनो देवाचा चार महिन्यांचा उत्सवकाळ सुरू होई. हा तारकापुंज म्हणजे आपल्या कृत्तिका. आपल्याकडेही पौर्णिमेचा चंद्र कृत्तिकांजवळ असतो तो महिना कार्तिक, आणि त्या रात्री कृत्तिका सूर्यास्ताच्या सुमाराला उगवतात. हजारो मैल दूर असलेल्या दोन समाजांनी त्याच ताऱ्यांकडे त्याच कामासाठी पाहिले.

मिरग म्हणजे नेमके काय?

आपल्याकडे पाऊस चार महिन्यांत येऊन जातो. त्यामुळे शेतकऱ्याला सूर्याचे वर्ष हवे होते. पंचांगात ते होतेच, नक्षत्रांच्या रूपाने.

आकाशातला सूर्याचा मार्ग २७ समान भागांत वाटला की प्रत्येक भाग १३ अंश २० कलांचा होतो. हे भाग म्हणजे नक्षत्रे. चंद्र एका नक्षत्रात साधारण एक दिवस राहतो. सूर्य मात्र १३ ते १४ दिवस राहतो. शेतकरी जेव्हा “मिरग लागला” म्हणतो, तेव्हा तो सूर्याच्या नक्षत्राबद्दल बोलत असतो. ७-८ जूनला मृग, २१-२२ जूनला आर्द्रा, ५-६ जुलैला पुनर्वसू, मग पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा आणि २६-२७ सप्टेंबरला हस्त. पावसाळ्याचे हे पंधरवड्यांत पाडलेले भाग आहेत.

या भागांना लोकांनी आपली नावे दिली. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा पाऊस. मघांचा सासूचा, पूर्वांचा सुनेचा. या नावांत पिढ्यान्‌पिढ्यांचे निरीक्षण साठवलेले आहे. पंधरा दिवसांचा हप्ता मशागतीलाही सोयीचा होता. कोणत्या नक्षत्रात पेरायचे, कोणत्यात डवरणी करायची, कोणत्या नक्षत्राचा पाऊस तुरीला उपयोगी, हे लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसालाही तोंडपाठ ठेवता आले.

निरीक्षणाच्या शेजारी निव्वळ गणितही येऊन बसले. पंचांगात प्रत्येक पर्जन्यनक्षत्राचे ‘वाहन’ दिलेले असते: बेडूक, म्हैस, हत्ती, मोर, उंदीर, गाढव वगैरे. बेडूक-म्हैस आली की पाऊस चांगला, उंदीर-गाढव आले की ओढ. हे वाहन ठरते कसे? सूर्य नक्षत्रात शिरतो त्या वेळी त्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचे आणि त्या संख्येला ९ ने भागायचे. जी बाकी उरेल तिच्यावरून वाहन. यात वारा नाही, ढग नाही, समुद्राचे तापमान नाही. शिवाय हे वाहन सगळ्या देशाला एकच. त्या पंधरवड्यात वणीला पूर येतो आणि उमरखेडला ढग नुसते येऊन जातात, याचा त्या बाकीशी संबंध असू शकत नाही. सातवीतला विद्यार्थीही हा भागाकार करून पाहू शकेल आणि पुढे पडलेल्या पावसाशी ताडून पाहू शकेल.

भांडे ठेवून मोजणारे पूर्वज

आपल्या परंपरेत केवळ आकाशाकडे पाहणारे नव्हते, भांडे ठेवून पाऊस मोजणारेही होते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठाराच्या आवारात एक अरत्नी, म्हणजे साधारण हातभर रुंद तोंडाचे कुंड ठेवून पाऊस मोजायला सांगितले आहे. निरनिराळ्या प्रदेशांचे पर्जन्यमान द्रोण या मापात दिले आहे. त्यात गोदावरीकाठच्या अश्मक देशाचाही उल्लेख आहे. पहिल्या व शेवटच्या महिन्यांत मिळून एक तृतीयांश आणि मधल्या दोन महिन्यांत दोन तृतीयांश पाऊस पडला तर ते वर्ष चांगले, असेही तो सांगतो. नुसता एकूण पाऊस पाहून चालत नाही, त्याची वाटणीही पाहावी लागते, ही जाण त्यात आहे. पाऊस किती झाला हे पाहून त्याप्रमाणे जास्त पाण्याचे की कमी पाण्याचे पीक घ्यायचे ते ठरवावे, असा त्याचा सल्ला आहे. आणि जो सारखा नक्षत्रेच विचारत बसतो त्याच्या हातून अर्थ निसटतो, असे बजावायलाही तो विसरत नाही.

सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत पावसावर अनेक अध्याय लिहिले. ढगांचा ‘गर्भ’ धरल्यापासून १९५ दिवसांनी पाऊस पडतो, हा त्याने दिलेला नियम आजच्या हवामानशास्त्रात नाही. पण ज्येष्ठ पौर्णिमेनंतर एक हात रुंदीचे भांडे ठेवून पडलेले पाणी पल आणि आढक या मापांत मोजायचे, ही त्याची रीत आजच्या पर्जन्यमापकाची पूर्वज म्हणावी लागेल. अंदाज आणि मोजमाप दोन्ही एकाच ग्रंथात शेजारी शेजारी आहेत. पुढे अंदाज पाठ झाला आणि भांडे मागे पडले, ही आपल्या ज्ञानपरंपरेतली दुःखद गोष्ट आहे.

सरकत गेलेला मिरग

मृग नक्षत्र दरवर्षी ७-८ जूनलाच लागते, असे वर म्हटले. आपल्या आयुष्यापुरते ते खरे आहे. पण हजार-दीड हजार वर्षांच्या हिशेबात ते खरे नाही.

पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा अतिशय सावकाश डोलतो. एका फेरीला सुमारे २६,००० वर्षे लागतात. या डोलण्यामुळे ताऱ्यांच्या संदर्भात मोजलेले वर्ष आणि ऋतूंचे वर्ष यांत सुमारे २० मिनिटांचा फरक राहतो. ७२ वर्षांत तो एक दिवसाचा होतो. यालाच अयनचलन म्हणतात. आपली नक्षत्रे ताऱ्यांना बांधलेली आहेत, पाऊस मात्र ऋतूंना बांधलेला आहे. म्हणून नक्षत्रे ऋतूंच्या मानाने हळूहळू पुढे सरकतात.

आजच्या ग्रेगरियन पद्धतीने मागे हिशेब केला, तर वराहमिहिराच्या काळी सूर्याचा मृगप्रवेश १८ मेच्या सुमाराला होत असणार. शिवाजी महाराजांच्या काळी तो जूनच्या दोन-तीन तारखेला येत असेल. म्हणजे “मिरग लागला की पाऊस” हा आडाखा अनादी नाही. तो गेल्या काही शतकांच्या अनुभवातून आपल्या प्रदेशात बसलेला आहे. आणखी पाचशे वर्षांनी मृग जूनच्या मध्याला लागेल आणि आडाखा पुन्हा बदलावा लागेल.

ही गोष्ट महाराष्ट्रात लोकांपुढे आणली ती प्रामुख्याने शाळामास्तरांनी, हे शिक्षकांनी अभिमानाने लक्षात ठेवावे असे आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षित (१८५३–१८९८) शिक्षण खात्यात शिक्षक होते. त्यांचा ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ हा ग्रंथ १८९६ साली प्रसिद्ध झाला. ऋतूंशी जुळणारे सायन पंचांग असावे, असा त्यांचा आग्रह होता. व्यंकटेश बापूजी केतकर (१८५४–१९३०) हेही शिक्षक आणि मुख्याध्यापक होते. त्यांनी नव्या वेधांशी जुळणारी ग्रहगणिताची कोष्टके तयार केली, मात्र ताऱ्यांना बांधलेली निरयन पद्धत कायम ठेवली. लोकमान्य टिळकांनीही पंचांगशोधनाच्या चळवळीचे नेतृत्व केले. १९०४ साली मुंबईला त्यासाठी परिषद झाली.

या चळवळीत एक वाद अखेरपर्यंत मिटला नाही. नक्षत्रचक्राचा आरंभबिंदू कोणता मानायचा? चित्रा तारा आधाराला धरला तर एक उत्तर येते, रेवतीतला तारा धरला तर दुसरे. दोन्हींत सुमारे चार अंशांचा फरक आहे. त्यामुळे रेवतीपक्षाच्या टिळक पंचांगात मृग इतर पंचांगांच्या आधी चारेक दिवस लागते. आता विचार करा, ढगांनी कोणते पंचांग पाहायचे?

स्वातंत्र्यानंतर १९५२ साली मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली कालगणना सुधारणा समिती नेमली गेली. तेव्हा देशात सुमारे तीस वेगवेगळी पंचांगे वापरात होती. समितीचा अहवाल १९५५ मध्ये आला आणि २२ मार्च १९५७ पासून भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिका लागू झाली. ती पूर्णपणे ऋतूंच्या वर्षावर आधारलेली आहे. आकाशवाणीच्या बातम्यांत आणि राजपत्रात तिची तारीख असते. शेतकऱ्याच्या घरात मात्र भिंतीवर तिथी-नक्षत्रांचेच कॅलेंडर राहिले, कारण सण आणि शेतीची भाषा त्यातच होती.

पेरणीचा जुगार

हा सगळा इतिहास यवतमाळच्या शेतकऱ्याला का सांगायचा? कारण इथे एका तारखेवर घराची वर्षाची कमाई अवलंबून असते. जिल्ह्याची बहुतांश खरीप शेती कोरडवाहू आहे. कापूस, तूर आणि सोयाबीन ही मुख्य पिके. मोसमी पाऊस विदर्भात साधारण जूनच्या मध्याला पोहोचतो, पण त्याच्या आधी वादळी सरी पडून जातात. मिरग लागलेला असतो, एक जोरदार सर येते, मातीचा वास सुटतो आणि तिफणी बाहेर निघतात. काहीजण त्याच्याही आधी, कोरड्या जमिनीत सरकी लावून मोकळे होतात. त्याला धूळपेरणी म्हणतात. पाऊस वेळेवर आला तर धूळपेरणीचे पीक सगळ्यांच्या पुढे असते. नाही आला तर बियाणे, खत आणि मजुरी मातीत जाते.

काळ्या जमिनीचा स्वभाव इथे समजून घ्यायला हवा. उन्हाळ्यात ती भेगाळलेली असते. पहिली पंधरा-वीस मिलिमीटरची सर वरच्या थोड्याशा थरातच मुरते आणि दोन-तीन दिवसांच्या उन्हाने उडून जाते. तेवढ्या ओलीवर बी अंकुरते, पण मुळाला खाली ओल सापडत नाही. अंकुर वाळतो. मग दुबार पेरणी. म्हणूनच ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये, असा कृषी खात्याचा आणि कृषी विद्यापीठाचा सल्ला असतो. कर्ज काढून आणलेले बियाणे दुसऱ्यांदा विकत घ्यावे लागणे म्हणजे काय, हे ज्या जिल्ह्याने शेतकऱ्यांच्या इतक्या आत्महत्या पाहिल्या त्याला वेगळे सांगायला नको.

निसर्गात याची एक सुंदर खूण आहे. मिरगाचा किडा, तो मखमलीसारखा लाल, खरे तर कीटक नव्हे, आठ पायांचा कोळ्याच्या कुळातला जीव. तो जमिनीखाली असतो आणि माती नीट भिजली की वर येतो. त्याला सात तारीख कळत नाही, त्याला ओल कळते. नाव मिरगाचे असले तरी तो मिरग पाहून नव्हे, पाऊस पाहून बाहेर पडतो. शेतकऱ्याने किड्याचे हे शहाणपण घेतले तर नक्षत्राला कमीपणा येत नाही. मिरग ‘तयार राहा’ एवढेच सांगतो. ‘आता पेरा’ हे सांगायचे काम मातीतल्या ओलीचे.

चंद्राचा खरा परिणाम

मग चंद्राचा पिकांवर काहीच परिणाम होत नाही का? जगभर अशी समजूत आहे की शुक्ल पक्षात पेरलेले बी जोमाने वाढते, कारण चंद्र समुद्राप्रमाणे झाडातला रसही वर ओढतो. हे तपासून पाहू. भरती आणणारी चंद्राची ओढ पृथ्वीच्या गुरुत्वाच्या सुमारे एक कोटीव्या भागाइतकीच असते. समुद्र हजारो किलोमीटर पसरलेला असल्याने तिथे ती दिसते. हातभर उंचीच्या रोपात तिचा फरक नगण्य होतो. शिवाय मोठी भरती पौर्णिमेप्रमाणेच अमावास्येलाही येते. मग रस चढण्यासाठी एक पक्ष चांगला आणि दुसरा वाईट कसा? प्रकाशाचे म्हणाल तर भर दुपारचे ऊन पौर्णिमेच्या चांदण्याच्या सुमारे चार लाख पट प्रखर असते. स्पेनमधल्या वॅलेन्सिया विद्यापीठातील संशोधकांनी २०२० साली या विषयावरच्या लिखाणाचा आढावा घेतला. चंद्रकलेनुसार पेरणी करण्याला विश्वासार्ह पुरावा मिळत नाही, असाच त्यांचा निष्कर्ष होता.

मात्र वावरात चंद्राचे एक खरे काम आहे, आणि ते झाडांवर नसून कीटकांवर आहे. कापूस पट्ट्यात शेतकरी सांगतात की अमावास्येच्या आसपास बोंडअळीची अंडी वाढतात, फवारणी तेव्हा करावी. कृषितज्ज्ञांच्या सल्ल्यातही ही गोष्ट येते. ही समजूत निराधार नाही. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड येथे सी. बी. विल्यम्स यांनी प्रकाश सापळ्यांत सापडणाऱ्या निशाचर पतंगांची मोजदाद केली आणि चांदण्या रात्री ते कमी सापडतात, हे १९३६ साली दाखवले. अमेरिकेत नेमेक यांनी १९७१ मध्ये कपाशीवरच्या बोंडअळीच्या पतंगांबाबत चंद्रकलांशी असाच संबंध नोंदवला. अर्थात चांदण्यात पतंग खरोखर कमी उडतात, की सापळ्याचा दिवाच चांदण्यापुढे फिका पडतो, हा प्रश्न पुढे बरीच वर्षे चर्चेत राहिला. एखादी समजूत खरी की खोटी एवढे विचारून विज्ञान थांबत नाही, ती का खरी दिसते हेही विचारते.

यवतमाळमध्ये हा प्रश्न पुस्तकी नाही. २०१७ च्या पावसाळ्यात इथे कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले आणि शेकडोंना रुग्णालयात दाखल व्हावे लागले. डोक्याइतकी वाढलेली पऱ्हाटी, औषधांची मनाने केलेली मिश्रणे, तोंडा-हाताला संरक्षण नसणे, अशी अनेक कारणे एकत्र आली होती. अशा जिल्ह्यात टळलेली प्रत्येक फवारणी मोलाची आहे. अमावास्या आली म्हणून डोळे झाकून औषध मारणे हेही वाहन पाहून पेरण्यासारखेच. गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे लावतात. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ किंवा अधिक पतंग सापडले, तरच फवारणीची वेळ आली असे मानतात. इथेही अमावास्या सांगते ‘सापळे तपासा’, आणि सापळ्यातली संख्या सांगते ‘फवारा’ किंवा ‘थांबा’.

शाळेच्या परसात

हे सगळे वर्गात सांगण्यापेक्षा शाळेच्या परसबागेत करून पाहता येईल. सारख्या कुंड्यांत एकच माती आणि एकाच पिशवीतले मेथीचे शंभर-शंभर दाणे घ्यावेत. काही कुंड्यांत शुद्ध पंचमीला पेरावे, काहींत वद्य पंचमीला. पाणी मोजून द्यावे. आठव्या दिवशी उगवलेली रोपे मोजावीत. मोजणाऱ्या मुलांना कुंडी कोणत्या पक्षातली आहे ते सांगू नये, नाहीतर समजूत हात धरून मोजायला लावते. एका महिन्यात फरक दिसला तर लगेच निष्कर्ष काढू नये, कारण दोन पंधरवड्यांत तापमानही बदललेले असते. पाच-सहा महिने हेच पुन्हा पुन्हा करावे. जो आकडा येईल तो फळ्यावर लिहावा.

दुसरे काम त्याहून सोपे आणि अधिक गरजेचे. सरळ बाजूंचा, सपाट बुडाचा एक पत्र्याचा डबा झाडांपासून आणि भिंतीपासून दूर ठेवावा आणि रोज सकाळी आठला पट्टीने आतल्या पाण्याची खोली मोजावी. डब्याच्या बाजू सरळ असतील तर तोंड लहान की मोठे याने खोलीत फरक पडत नाही. हेच ते कौटिल्याचे कुंड. वहीत तारखेबरोबर तिथी आणि सूर्यनक्षत्रही लिहावे. पहिला मिरगाचा किडा कधी दिसला, गावात पहिली पेरणी कधी झाली, कोणाला दुबार करावी लागली, हेही टिपून ठेवावे. १ जूनपासूनची बेरीज ७५ मिलिमीटरच्या पुढे गेली की ती शाळेच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लिहावी.

जून महिन्यात मुलगा घरी जाऊन वडिलांना सांगेल, “बाबा, मिरग लागला, पण शाळेच्या डब्यात आतापर्यंत बावीसच झालाय.” घरातले कदाचित हसतील. पण चार दिवस थांबायला तेवढे कारण पुरेसे होऊ शकते. दहा वर्षांची अशी वही जमली, तर त्या गावाचे स्वतःचे पंचांग तयार झालेले असेल. अक्षय्य तृतीयेला परसात दोडक्याचे बी टोचायला तेव्हाही काहीच हरकत नसेल.